डॉटनेटचं मानीव अभिहस्तांतरण

मीरा रोडच्या शांती नगरात कुठलीही वस्तू एकटी मिळत नाही. तिच्या आधी दुसरी लागते आणि दुसरीच्या आधी तिसरी. गॅसला पत्त्याचा पुरावा लागतो. पुराव्याला विजेचं बिल लागतं. बिल नावावर करून घ्यायला सोसायटीचं एनओसी लागतं, एनओसीला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर सही करणारे सेक्रेटरी गणपतीला गावी गेलेले असतात. गणपती दीड दिवसांचे असले तरी सेक्रेटरी पंधरा दिवसांचे असतात.

संगणकाच्या दुनियेत या प्रकाराला डिपेंडन्सी म्हणतात. ती समजावी म्हणून मुलं चार वर्षं इंजिनिअरिंग करतात. शांती नगरात ती वॉचमनलाही समजते. पाहुण्याची गाडी आत सोडायला ज्या सभासदाचा होकार लागतो त्याचा नंबर एका वहीत असतो, वही कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली कुठे असते हे विचारणारा माणूस मीरा रोडचा नसतो. म्हणूनच जुन्या विंडोजवर नवं डॉटनेट फ्रेमवर्क बसवणं हे काम बंगळूरच्या कुठल्याही इंजिनिअरपेक्षा आमची मॅनेजिंग कमिटी अधिक चांगलं करू शकते, असं माझं मत आहे. ते मत कसं झालं ते सांगतो. पण त्याच्या आधी अर्थातच दुसरं काही सांगावं लागेल.

शांती नगर मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई संपली, असं मुंबईकर ठामपणे मानत आणि पलीकडे राहायला गेलेल्या नातेवाइकांकडे वर्षातून एकदा, तेही फोन करून, येत. त्या ऐंशीच्या दशकात शेतं आणि मिठागरांच्या शेजारी या इमारती उभ्या राहायला लागल्या. दुर्बल घटकांसाठी घरं बांधायच्या अटीवर कमाल जमीन धारणा कायद्यातून सूट मिळायची, तो हा काळ. शांतीस्टार बिल्डर्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, अशाच घरांच्या किमतीवरून, सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितलं की जगण्याच्या हक्कात राहायला बऱ्यापैकी जागा असण्याचा हक्कही येतो. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजही अभ्यासतात. आम्ही त्या हक्काचा मेंटेनन्स भरतो.

मेंटेनन्सचं बिल ज्या संगणकातून निघतं, तो सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे जिन्याखाली, असतो. ऑफिसाच्या एका भिंतीवर विजेचे मीटर, दुसरीवर बोर्डावरून निवृत्त झालेल्या नोटिसा, तिसरीवर पाण्याच्या पंपाचा स्विच, आणि चौथ्या भिंतीच्या जागी दार. संगणक लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतलेला. त्याचं बिल, वॉरंटी कार्ड आणि ते विकणारं दुकान, यांपैकी आता काहीच अस्तित्वात नाही. संगणक मात्र आहे. प्लास्टिकच्या कव्हराखाली तो अजून नव्यासारखा दिसतो, कारण कव्हर काढायची परवानगी फक्त खजिनदारबेनना आहे.

जन्माने तो विंडोज एक्सपी. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. तिच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातली. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली टिपलेली. आमच्या ऑफिसाला खिडकी नाही, त्यामुळे बरीच वर्षं तीच आमची खिडकी होती. काही ज्येष्ठ सभासदांची समजूत होती की तो घोडबंदरकडचा भाग आहे आणि बिल्डरच्या नजरेतून अजून सुटलेला आहे. कमिटीने ती समजूत दूर केली नाही. विषय अजेंड्यावर नव्हता.

२००२ च्या सुरुवातीला जगात दोन गोष्टी झाल्या. मायक्रोसॉफ्टने डॉटनेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती काढली आणि २८ फेब्रुवारीला मिरा-भाईंदर नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. दोन्ही घटनांनी आमच्या ऑफिसात काहीही बदललं नाही. महानगरपालिकेचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. डॉटनेटचं पुढे काय झालं ते आम्हाला बरीच वर्षं कळलंच नाही.

हे फ्रेमवर्क म्हणजे काय, ते थोडक्यात असं. प्रत्येक प्रोग्रामला काही कामं करावीच लागतात. तारीख मोजायची, आकडे जुळवायचे, फाइल उघडायची, पडद्यावर चौकट काढून तिच्यात 'ओके' लिहायचं. प्रत्येक प्रोग्रामरने हे पुन्हा पुन्हा लिहीत बसू नये म्हणून ही सगळी कामं एका जागी तयार करून ठेवली, तेच डॉटनेट. प्रोग्रामर आपला प्रोग्राम हलका करतो आणि सांगतो, उरलेलं सामान तुमच्या घरी असेलच. अर्थात ते आपल्या घरी नसतं.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पर्यंत सांभाळलं आणि मग हात काढून घेतला. तेव्हाच्या कमिटीने त्याच संगणकावर विंडोज ७ टाकून घेतली. टेकडी गेली म्हणून एका सभासदाने लेखी हरकत घेतली होती. बिलाचा प्रोग्राम मात्र जुनाच राहिला. तो विंडोज ९८ च्या काळातला. नव्या विंडोजवर तो सुरूच होईना, तेव्हा कोणीतरी त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'कंपॅटिबिलिटी मोड' नावाच्या खुणेवर टिचकी मारली. या मोडमध्ये विंडोज प्रोग्रामशी सरळ खोटं बोलते. मी ९८ च आहे, काळजी करू नकोस, असं त्याला सांगते. प्रोग्राम विश्वास ठेवतो आणि कामाला लागतो. मीरा रोडला उतरणारा माणूस दादरला विरार लोकलमध्ये शिरतो, दारातला पहाडी गृहस्थ "कुठे?" म्हणून गुरकावतो आणि हा शांतपणे "विरार" म्हणतो, तोच हा मोड. गाडी पोचेपर्यंत सगळ्यांचं बरं चालतं.

या खोटेपणाच्या बळावर आमची बिलं निघत होती. त्या प्रोग्रामात थकबाकीवर व्याज लावायची सोय होती. सर्वसाधारण सभेने पूर्वीच उपविधीतल्या कमाल मर्यादेइतका, म्हणजे वर्षाला २१ टक्के दराचा ठराव केला होता. पण दर भरायच्या चौकटीला पासवर्ड होता, आणि पासवर्ड ज्यांना ठाऊक होता ते खजिनदार फ्लॅट विकून गेले होते. व्याज शून्य लागत राहिलं. भाड्याने दिलेल्या घरांवर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क लावता येतं, ते तर त्या प्रोग्रामला ठाऊकच नव्हतं. सभासद सुखी होते. सुखी असूनही प्रत्येक सभेत "बिलात पारदर्शकता नाही" असं ओरडत होते, कारण सभेत तसं ओरडायची पद्धत आहे.

मग संगणक बदलायचा का नाही? इथे मराठी भाषा आडवी आली. एक्सपीच्या काळात संगणकावर देवनागरी दिसायला हवी असेल तर प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे. त्या चौकटीपुढे लिहिलेलं असे, गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या, थाईसह. मराठीचं नाव कुठेच नाही. थाईचा हात धरून ज्ञानेश्वरांची भाषा आत यायची, आणि तेवढ्यासाठीही विंडोजची मूळ सीडी ड्राइव्हमध्ये घालावी लागायची. ती सीडी कोणाकडेच नसे. म्हणून बहुतेक सोसायट्यांनी, प्रेसवाल्यांनी आणि कचेऱ्यांनी सोपा मार्ग धरला. युनिकोडच्या भानगडीत न पडता आपापल्या फॉन्टमध्ये टाइप करायचं. त्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ते इंग्रजी खुणांचंच कडबोळं असतं. आमची सभासद नोंदवही, नामनिर्देशनाची वही, वीसेक वर्षांची इतिवृत्तं, सगळं अशा एका फॉन्टात आहे. ते या संगणकावर मराठीत वाचता येतं. दुसऱ्या संगणकावर उघडलं की सेक्रेटरींचं नाव डॉलरच्या खुणेने सुरू होतं आणि उद्गारचिन्हावर संपतं. एका माजी अध्यक्षांच्या नावाचा तर नुसता प्रश्नचिन्हांचा हार होतो. त्यांच्या कारकिर्दीबद्दल ऑडिटरचं मतही साधारण तसंच होतं.

शेवटी ऑडिटरनेच कोंडी फोडली. त्याने अहवालात शेरा मारला की थकबाकीवर ठरावाप्रमाणे व्याज आकारलेलं नाही. शेरा आला की दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. अहवाल द्यायचा तर दोष दुरुस्त करावा लागतो. कमिटीने पहिल्यांदा शेवटच्या पायरीशिवाय काम होतं का याची चाचपणी केली. होत नव्हतं. तेव्हा नवं बिलिंग सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. ते आलं, एका पेनड्राइव्हवर. बसवायला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा आला. त्याने दोनदा क्लिक केलं, पडद्यावर एक चौकट आली, आणि तो म्हणाला, "काका, डॉटनेट लागेल. चार पॉइंट आठ."

"नेटचे पैसे आपण वर्षाचे एकदम भरले आहेत," खजिनदारबेन म्हणाल्या. "पावती आहे माझ्याकडे."

मुलाने मग डॉटनेटचा वंशवेल सांगितला. पहिलं १.०, मग १.१, मग २.०, ३.०, ३.५. या ३.५ च्या पोटात २.० आणि ३.० दोन्ही आहेत, म्हणजे ते एक घेतलं की तिघांचं काम होतं. पण पुढे ४ आलं ते वेगळं राहिलं. त्याच्या पोटात ३.५ नाही. त्यामुळे आजच्या नव्याकोऱ्या संगणकात ४.८.१ आयतं असलं तरी एखादा म्हातारा प्रोग्राम ३.५ मागतोच. एक्सपीवर चालणारं शेवटचं म्हणजे २०१० सालचं ४.०. ऑगस्ट २०१२ च्या ४.५ ने एक्सपीला दारातूनच परत पाठवलं. विंडोज ७ ची सोय २०१९ च्या ४.८ पर्यंत आहे; २०२२ च्या ४.८.१ मध्ये नाही. आणि २०२० मध्ये डॉटनेट ५ आलं, ते या घराण्यातलं नाहीच, त्याच्या नावातून 'फ्रेमवर्क' गेलं. सातनंतर आठ आणि आठनंतर थेट दहा मोजणाऱ्या विंडोजकडून आणखी काय अपेक्षा करणार! शांती नगरात सेक्टर आणि इमारतीचे नंबर शोधत फिरलेल्या रिक्षावाल्याला मात्र यात काही विशेष वाटणार नाही.

"म्हणजे आपल्याला शेवटची संधी आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"नवीन कम्प्युटर घ्या ना," मुलगा म्हणाला. हे वाक्य कमिटीत कोणी उच्चारत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

नव्या संगणकाला तीन कोटेशनं लागतात. शिवाय विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे घ्यायची तर ११. आणि ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशिनमध्येच असावी लागते, म्हणजे जुन्या मशिनवर ती नियमाने चढत नाही. पण खरं कारण खजिनदारबेननी सांगितलं. "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. मग आता खर्चा कशाला करायचा?" हे कारण शांती नगरात सर्वव्यापी आहे. याच कारणाने जिन्याला रंग नाही, टाकीला झाकण नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्याला कठडा नाही. आता पुनर्विकासासाठी सभासदांची यादी, क्षेत्रफळ आणि थकबाकीचा तपशील द्यावा लागतो. तो सगळा त्याच संगणकात आहे. म्हणजे इमारत नवी व्हायला जुना संगणक चालू हवा, आणि जुना संगणक बदलायचा नाही कारण इमारत नवी होणार आहे. मुलाने काही क्षण हे मनातल्या मनात जुळवून पाहिलं आणि मुकाट्याने माउस हातात घेतला.

इथून पुढे खरी शर्यत सुरू झाली. विंडोज ७ बरोबर येतो इंटरनेट एक्स्प्लोरर ८. आजच्या संकेतस्थळांना बोलताना जी गुप्तभाषा लागते, ती या ब्राउझरला कोणी चालू करून दिल्याशिवाय येत नाही. त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी दारातच उभा राहतो. क्रोम घ्यावा तर २०२३ च्या फेब्रुवारीपासून नव्या क्रोमने विंडोज ७ ला नमस्कार केलाय. आमच्या संगणकाला तर नेटची वायरही नाही. वायफायचा डबा सेक्रेटरींच्या घरी, वर. त्यामुळे डॉटनेटचा शंभराहून अधिक एमबींचा गठ्ठा सेक्रेटरींच्या सुनेने फोनवर उतरवला, फोनमधून पेनड्राइव्हवर आला आणि जिन्याने खाली उतरला. लिफ्ट नाही.

गठ्ठा उघडला. तो म्हणाला, आधी सर्व्हिस पॅक १ हवा. तो २०११ चा. पेनड्राइव्ह वर गेला, खाली आला. सर्व्हिस पॅक बसला. मग पुढची अडचण. सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. पूर्वी ती शा-१ नावाच्या पद्धतीने करत. ती पद्धत खोटी सही करणाऱ्यांना झेपायला लागली तेव्हा सह्या शा-२ ने करायला लागले. जुन्या विंडोज ७ ला शा-२ ची सही पूर्णपणे वाचता येत नाही. ती वाचायला शिकवणारा एक अपडेट आहे, केबी ४४७४४१९. आणि अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेलाच आधी सुधारणारा आणखी एक आहे, केबी ४४९०६२८. म्हणजे डॉटनेटसाठी अपडेट, आणि अपडेटसाठी अपडेट. याशिवाय पडद्यावरच्या चित्रांशी संबंधित डी-थ्री-डी-कंपायलर नावाची एक फाइल, तिचा वेगळा केबी. जिन्यावर पेनड्राइव्हच्या इतक्या फेऱ्या झाल्या की वॉचमनने व्हिजिटर बुकात त्याची नोंद करावी का असं विचारलं.

कमिटीतल्या कोणालाही या सगळ्याचं आश्चर्य वाटलं नाही, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचंय. मुलगा वैतागत होता. कमिटी चहा पीत होती. प्रत्येक नवी मागणी आली की सेक्रेटरी वहीत लिहून घेत आणि पुढे "सबब पूर्तता केली" अशी खूण करत. एका कागदासाठी दुसरा कागद मागितला जातो, यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. उलट पहिल्याच खेपेला डॉटनेट बसलं असतं तर ते बनावट आहे असा संशय त्यांनी घेतला असता.

मग ती चौकट आली. मुलाने वाचून दाखवली. सार असं की प्रमाणपत्रांची साखळी तपासली. पण ती ज्या मूळ प्रमाणपत्रापाशी संपते, त्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही.

"म्हणजे काय?" सेक्रेटरी म्हणाले.

"माहीत नाही काका. फॉरमॅट मारू का?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तळमजल्यावरचे काका उठले. काका कमिटीत नाहीत. पण कमिटीच्या प्रत्येक बैठकीला असतात. निवृत्त होऊन इथे येण्याआधी ते भाईंदर पश्चिमेच्या एका जुन्या इमारतीत राहत, आणि त्या इमारतीच्या जमिनीचं अभिहस्तांतरण हा त्यांच्या उत्तरायुष्याचा एकमेव छंद होता. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरची चौकट अशा नजरेने वाचली की जणू घरचंच पत्र आलंय.

"अरे, हे तर कन्व्हेयन्स!" काका म्हणाले. "फ्लॅटचा करार बिल्डरने केला. बिल्डरकडे विकास करार. विकास करार कोणी केला? कुलमुखत्याराने. कुलमुखत्यारपत्र कोणी दिलं? सातबाऱ्यावरच्या मूळ मालकाने. मागे मागे जात राहिलं की साखळी शेवटी एका नावापाशी थांबते. त्या नावाला कोणी ओळखत असेल तर वरचे सगळे कागद खरे. ओळखत नसेल तर सगळे कागद असून नसल्यासारखे. हा बिचारा तेच म्हणतोय. मूळ मालकाला ओळखत नाही म्हणतोय."

आणि हे शब्दशः खरं आहे. गठ्ठ्यावरची सही मायक्रोसॉफ्टच्या एका प्रमाणपत्राने केलेली असते, ते दुसऱ्या प्रमाणपत्राने प्रमाणित केलेलं, आणि सगळ्यांच्या मुळाशी एक मूळ प्रमाणपत्र. या खेपेचं मूळ प्रमाणपत्र २०११ सालचं. विंडोज ७ आली २००९ साली. आपल्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेल्या मूळपुरुषाला ती ओळखणार कशी? नेट असेल तर ती नव्या मूळपुरुषांची यादी गुपचूप मागवून घेते. जिन्याखाली नेट नाही. तिचा संशय रास्त होता. ओळखपाळख नसलेल्या माणसाला थेट मूळ मालक मानून सही घेतली की काय होतं, हे मिरा-भाईंदरमध्ये संगणकाने नाही सांगितलं तरी लोकांना ठाऊक आहे.

"मग आता?" सेक्रेटरी म्हणाले.

काकांचा आवाज चढला. १९६३ च्या मोफा कायद्याचं अकरावं कलम, त्यातली २००८ ची दुरुस्ती, जिल्हा उपनिबंधकाकडचा अर्ज, नोटीस, सुनावणी. मालक किंवा बिल्डर सही करत नसेल तर त्याच्यावाचून हस्तांतरण झालं असं मानायची कायद्याने सोय केली आहे. "मानीव अभिहस्तांतरण! इथेही असणारच. सक्षम अधिकाऱ्याने एकदा म्हटलं पाहिजे की हा मूळ मालक आहे, की झालं. सक्षम अधिकारी कोण या मशिनचा?"

मुलगा म्हणाला, "अॅडमिनिस्ट्रेटर."

"मग त्याला मानायला लाव!"

आणि ते तसंच असतं. मूळ प्रमाणपत्राची छोटीशी फाइल मायक्रोसॉफ्टकडून आणायची, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ती उघडायची आणि 'विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रं' या कप्प्यात हाताने ठेवायची. विंडोज एकदा विचारते, नक्की ना? आपण हो म्हणायचं. त्या क्षणापासून तो मूळपुरुष. ना सुनावणी, ना मुद्रांक शुल्क. काकांनी भाईंदरच्या इमारतीसाठी घालवलेल्या वर्षांकडे एकदा वळून पाहिलं असावं, कारण ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उपनिबंधक कार्यालयात यातलं एक मशिन बसवायला हवं."

इन्स्टॉलेशन सुरू झालं. डॉटनेटच्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात. वरची फाइली तपासते, खालची बसवते. वरची भरभर पूर्ण होते, खालची अर्ध्यावर जाऊन ध्यानस्थ होते. तिला साडेचार जीबी जागा लागते. ती खजिनदारबेनच्या भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ हलवून करून दिली. मशिन गरम झालं, पंखा घरघरायला लागला. मग रीस्टार्ट, आणि पडद्यावर ती सुप्रसिद्ध विनंती, की बदल चालू आहेत, संगणक बंद करू नका.

आणि पाणी आलं.

शांती नगरात पाणी येतं तेव्हा बाकी सगळं थांबतं. पंप वेळेवर चालू झाला नाही तर वरची टाकी भरत नाही, आणि टाकी भरली नाही तर दुसऱ्या दिवशी कमिटी बदलते. आमचा पंप चालू झाला की ऑफिसातला दिवा एकदा मान टाकतो आणि मग सावरतो. संगणक सावरत नाही, कारण त्याच्या यूपीएसची बॅटरी पुनर्विकासाची वाट पाहत आहे. सेक्रेटरी म्हणाले दहा मिनिटं थांब. वॉचमन म्हणाला, "साब, आपका कम्प्युटर कल भी चलेगा. पानी कल नहीं आयेगा." यावर चर्चा होऊ शकली असती, पण वॉचमनचा हात तोवर स्विचवर होता. दिवा गेला, पडदा काळा झाला, पंप सुरू झाला आणि वरून कुठूनतरी बादल्यांचा आनंदी आवाज आला.

दुसऱ्या दिवशी, पाण्याची वेळ टाळून, डॉटनेट बसलं. सगळे कागद आधीच जमा असल्याने विनातक्रार बसलं. नवं सॉफ्टवेअर उघडलं. त्याने जुन्या नोंदी घेतल्या, ठरावाप्रमाणे व्याजाचा दर विचारला, खजिनदारबेननी २१ भरला, आणि कुठलाही पासवर्ड न मागता त्याने आजवरच्या सगळ्या थकबाकीवर व्याज लावलं. भाड्याने दिलेली घरं ओळखून बिनभोगवटा शुल्कही लावलं. प्रिंटर रात्रभर करकरत होता.

सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्या वर्षी ती वेळेत झाली आणि गणपूर्तीही झाली. पारदर्शकतेसाठी सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या सभासदाच्या हातात सगळ्यात लांब बिल होतं. त्यात सगळं दिसत होतं. त्याने जुनं सॉफ्टवेअर परत आणायची मागणी केली. दुसऱ्याने विचारलं, जुन्याला नेमकं काय वाईट होतं? तिसऱ्याने विंडोज ७ हटवून एक्सपी आणावी आणि टेकडीही परत आणावी असं सुचवलं. मुलाला मत द्यायला बोलावलं होतं. तो म्हणाला, नव्या सॉफ्टवेअरला जुनी विंडोज चालणार नाही आणि जुन्या सॉफ्टवेअरला तर कंपॅटिबिलिटी मोडच लागायचा.

"तो काय असतो?"

मुलाने सांगितलं. म्हणजे प्रोग्रामला सांगायचं की अजून १९९८ चालू आहे.

सभागृहात शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून ठराव आला, थकबाकीवरील व्याज यापुढे कंपॅटिबिलिटी मोडमध्ये आकारण्यात यावं. अनुमोदन तीन दिशांनी आलं. ऑडिटर उठून काही बोलणार होता, पण बिस्किटं आली. ठराव मंजूर झाला. सूचक आणि अनुमोदक दोघांनाही कमिटीची पुढची निवडणूक लढवायची आहे. थकबाकीदाराला ती लढवता येत नाही, हे नव्या सॉफ्टवेअरने त्यांच्या नावांपुढे लाल अक्षरांत दाखवलं. तेव्हा डॉटनेटसकट हे सॉफ्टवेअर काढून टाकायचा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर पहिलाच घेतला आहे. काढायला काहीच लागत नाही, दोन क्लिक पुरतात, असं मुलगा म्हणतो. कमिटीने त्याच्याकडे ते लेखी मागितलं आहे.